१२ जीबीची फाइल आहे, पण उघडत नाही

रविवारी रात्री नऊ वाजून गेल्यावर आमच्याकडे पुण्यात कर्वेनगरात लाइट गेली आणि दोन सेकंदांत परत आली. इन्व्हर्टरने टक् केलं, डेस्कटॉप धाडकन बंद होऊन पुन्हा सुरू झाला, आणि माझं २ तास ४० मिनिटांचं स्क्रीन रेकॉर्डिंग मातीत गेलं.

फाइल जागेवर आहे. चांगली १२ जीबीची आहे. डबल क्लिक केलं की 'ही फाइल चालवता येत नाही' एवढंच म्हणते. दुसऱ्या प्लेअरमध्ये टाकली, तिसऱ्यात टाकली, शेवटी कमांड लाइनवर एफएफएमपेग या व्हिडिओ तपासणाऱ्या टूलने बघितली, तर 'मूव्ह ॲटम नॉट फाउंड'. ही ओळ ज्यांनी कधी वाचली आहे त्यांच्या पोटात आत्ताही खड्डा पडला असेल.

मूव्ह ॲटम ही एमपी४ फाइलची सूची. म्हणजे कुठली फ्रेम कुठे आहे हा हिशोब, रेकॉर्डिंग थांबवल्यावर सगळ्यात शेवटी लिहिला जातो. स्टॉप दाबायच्या आधी मशीन बंद पडलं की चित्र आणि आवाज डिस्कवर तसेच पडून राहतात, पण ते वाचणार कसे हे कुठेच लिहिलेलं नसतं. हे काल-परवा सापडलेलं गुपित नाही. एमकेव्ही या दुसऱ्या फॉरमॅटमध्ये रेकॉर्ड केलं तर लाइट गेली तरी तिथपर्यंतचं सगळं वाचतं. ओबीएस हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, तरी त्यात एमपी४ निवडलं की ते बजावतं, फाइल नीट बंद झाली नाही तर परत मिळणार नाही म्हणून. २०२४च्या ३०.२ आवृत्तीत तर त्यांनी हायब्रिड एमपी४ आणलं, ते असं अर्धवट तुटलं तरी उघडतं. फुकट वाटणाऱ्या माणसांना हे सुचतं. मी साडेतीन हजार रुपये मोजून जे सॉफ्टवेअर घेतलं, त्यात फॉरमॅट बदलायची सोयच नाही आणि इशाऱ्याची एक ओळ नाही! नवीन थीम आली हे मात्र दर आठवड्याला स्क्रीनच्या मधोमध येऊन सांगतं.

आणि रेकॉर्डिंग काय होतं ते ऐका. माझा भाचा, वय ११, तीन महिने एज ऑफ एम्पायर्स २ या गेममध्ये 'हार्ड'वर हरत होता. रविवारी त्याने वंडर बांधलं, ही भव्य इमारत उलटी मोजणी संपेपर्यंत टिकवली की जिंकलो. मोजणी सुरू, समोरून भिंती फोडणारे रॅम येतायत, आणि हा खुर्चीवर उभा राहून ओरडतोय, "मामा, गेट लाव, गेट! अरे गाढवा, तिकडून नाही रे!" गाढवा हे त्याच्या घोडेस्वाराला होतं. जिंकल्यावर आतून आई पदराला हात पुसत धावत आली, कुणाला लागलं की काय म्हणून. पोरगं नाचत होतं, मी त्याला उचलून घेतलं, आणि स्टॉप दाबायचा राहिला. लाइट तेव्हा गेली.

रिप्ले असेल ना, असं कृपा करून कोणी सांगू नका. गेम स्वतःचा रिप्ले ठेवतो हे मला माहीत आहे, आणि तो आहे. त्यात सैनिक चालतात. भाच्याचा आवाज त्यात नाही. आईचं "काय रे झालं?" नाही. यूपीएसबद्दलही विचारू नका, त्याची बॅटरी गेली आहे आणि तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत जायला रविवारपर्यंत वेळ मिळाला नव्हता.

मुळात हा छळ आजचा नाही. लॅपटॉपवर दीड तास रेकॉर्ड करावं आणि काळा चौकोन मिळावा, का, तर गेम एका ग्राफिक्स चिपवर आणि रेकॉर्डर दुसऱ्यावर. आवाज पहिल्या मिनिटाला जुळलेला आणि एडिटरमध्ये चाळिसाव्या मिनिटाला ओठांच्या पुढे पळालेला, कारण फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, हा हलता होता. पेन ड्राइव्हवर कॉपी करायला जावं तर तो एफएटी३२ फॉरमॅटचा, ४ जीबीच्या वरची फाइल घेणार नाही. एकदा ऑफिससाठी डेस्कटॉप रेकॉर्ड करून एक्सेल शिकवत होतो, तर कोपऱ्यात फॅमिली ग्रुपवरचं आत्याच्या गुडघ्याचं वर्णन अख्खं उमटलं. आणि ट्रायलच्या नावाखाली तासभर रेकॉर्ड करू देऊन सेव्ह करताना व्हिडिओच्या मधोमध आपलं नाव छापणारे! हे आधी का सांगत नाही? माणसाची मेहनत होऊ द्यायची आणि मग अडवायचं, याची मला मनापासून चीड आहे.

सोमवारी सॉफ्टवेअरच्या कंपनीला लिहिलं, सगळं, वेळेसकट. उत्तर आलं: सॉफ्टवेअर अपडेट करून पुन्हा रेकॉर्ड करून पाहा. पुन्हा? काय पुन्हा रेकॉर्ड करू? तो पहिल्यांदा जिंकला होता! तासाभरात तक्रार 'निकाली' दाखवून बंदसुद्धा केली.

काल रात्री दीडपर्यंत अनट्रंक हे तुटक्या व्हिडिओ फाइल दुरुस्त करणारं टूल घेऊन बसलो होतो. त्याच सेटिंगवरची एक धड फाइल नमुना म्हणून द्यावी लागते, ती दिली. राखाडी चौकोन निघाले, आणि मध्येच अकरा सेकंद आवाज. त्यात "गेट लाव, गेट" स्पष्ट ऐकू येतं. तेवढा तुकडा दोन ठिकाणी ठेवलाय. मूळ फाइलही डिलीट करणार नाही, डिस्क भरली तरी चालेल. शनिवारी भाचा येतोय आणि फोनवर त्याने तीनदा विचारलंय, "मामा, व्हिडिओ झाला का?"