धायरीचा फ्लॅट आणि पेढ्याचं झाकण

पक्याने पुण्यात धायरीला वन बीएचके घेतल्याचं कट्ट्यावर कधीच कळलं होतं. पेढे तेवढे बाकी होते. काल आले, तेही पावकिलो.

"हप्त्याचं टेन्शनच नाही. पंधरा हजार भाडं येतं, आपोआप फिटतोय," पक्या म्हणाला.

मिल्याने पेढा तोंडात टाकला, बॉक्सचं झाकण उलटं केलं आणि खिशातलं पेन काढलं. किराणा दुकानवाला तो, झाकणावर ताळेबंद मांडतो. "कर्ज?"

"पस्तीस लाख. साडेआठ टक्क्यांनी, वीस वर्षं. हप्ता तीस हजार तीनशे."

"म्हणजे पहिल्या हप्त्यात २४,७९२ नुसतं व्याज. मुद्दल साडेपाच हजार."

"अरे, पण जागेचा भाव वाढतो!" नाना गरजले. नाना प्रत्येक चर्चेत हेच बोलतात, आवाज तेवढा चढत जातो. "वास्तू तथास्तु म्हणत असते!"

"म्हणू दे की. हप्ता भरते का?"

मिल्या लिहीतच होता. "अकरा महिन्यांचा करार. भाडेकरू गेला की महिनाभर कुलूप, नवा आणायला एजंटला महिन्याचं भाडं. राहिले दहा महिने, दीड लाख. मेंटेनन्सचे तीस हजार गेले. घरपट्टीत स्वतः राहणाऱ्याला महापालिका ४० टक्के सवलत देते, ती तुला नाही. घरपट्टी, रंग, गळका नळ मिळून बारा हजार धर. हातात महिन्याला नऊ हजार. वरचे एकवीस तुझ्या पगारातून."

"व्याजावर टॅक्स वाचतो!"

"नवी करप्रणाली घेतली म्हणून मार्चमध्ये इथेच मिरवत होतास ना? तिच्यात भाड्याने दिलेल्या घराचा, व्याजामुळे होणारा तोटा पगारातून वजा होत नाही."

मला राहवलं नाही. "गणपतीपुळ्याच्या ट्रिपच्या पेट्रोलचा हिशोबही पक्यानेच केला होता. माझे साडेचारशे अजून आपोआप फिटतायत."

"तू ते सोडणार नाहीस!"

"साडेआठ टक्क्यांनी लावू का?" मिल्या.

पक्या गप्प. म्हणून मी सहज विचारलं, "भाडेकरू कोण मिळाला रे?"

तो बोटाने पेढ्याचा चुरा टिपत बसला. "सध्या तरी... हिचा भाऊ."

"करार?"

"घरच्या माणसाशी कसला करार! नोकरी लागली की देईल."

मिल्याने झाकणावरचे पंधरा हजार शांतपणे खोडले. हसता हसता नानांना चहाचा असा ठसका लागला की मी पाठ थोपटत होतो, आणि ते तशातही बोट वर करून, "पण जागेचा... जागेचा..."