चौदावं तत्त्व

रात्री साडेनऊला अडतीची वही मिटून घरी आलो की ताटाच्या आधी माझ्या हातात गाइड पडतं. पोरगी बीबीएच्या पहिल्या वर्षाला आहे आणि तिची तत्त्वं मी 'घ्यायची' असतात. घ्यायची म्हणजे अंगी बाणवायची नव्हे. ती म्हणणार, मी बोटं मोजणार.

व्यवस्थापनाची तत्त्वं चौदा. हेन्री फेयॉल नावाच्या फ्रेंच गृहस्थानं १९१६ साली छापली. मूळचा खाणीतला इंजिनिअर. आयुष्यभर कंपनी सांभाळली आणि पंचाहत्तरीला आल्यावर हे लिहून मोकळा झाला. आमचे दादाही त्याच वयात तत्त्वं सांगायला लागलेत, फक्त छापत कुणी नाही. फेयॉलचं ऐकून ते म्हणाले, "१९१६? किर्लोस्करवाडी १९१० ची. ते काय ह्याची वाट बघत बसले नव्हते."

मुद्दा तो नाही. मुद्दा असा, की पोरीची रोज तेराच भरतात. बरं, गळणारं रोज वेगळं. काल शिस्त गळाली, आज पुढाकार. सांगलीच्या यार्डात हळदीच्या अडतीत माझी बावीस वर्षं गेली. गाडीतनं चौदा पोती उतरली आणि थप्पीला तेराच लागली, तर मला घास उतरत नाही. इथं रोज रात्री एक पोतं गायब!

"युनिटी ऑफ डायरेक्शन राहिलं."

"झालं की पप्पा मघाशी."

"ते युनिटी ऑफ कमांड."

"तेच ना?"

तेच नव्हे. एकात एका माणसाला एकच साहेब; दुसऱ्यात एका उद्दिष्टाच्या सगळ्या कामांना एकच आखणी आणि एकच प्रमुख. हे मी आता झोपेतही सांगतो. आमच्या दिवाणजींच्या कानावर मात्र पहिलं जाऊ दिलेलं नाही. त्यांना साहेब तीन आहेत: मी, दादा आणि घरून येणारा फोन. शेवटचं तत्त्व 'एस्प्री द कोर', म्हणजे संघभावना. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, हळदीच्या करप्यावर मारायचं नवीन औषध आलंय.

मग अभ्यासाला टेलर आला, कामाचा वेळ मोजणारा. प्रोजेक्टसाठी पोरगी मोबाइलवर घड्याळ लावून यार्डात उभी राहिली, हमाल एक पोतं किती सेकंदांत नेतात ते मोजायला. मुकादमांनी विचारलं, "हे कशापायी, ताई?" तिनं हौसेनं सांगितलं, की अमेरिकेत टेलरसाहेबानं असंच मोजून एका कामगाराकडून दिवसाला १२.५ टनांऐवजी ४७.५ टन लोखंड उचलून घेतलं.

"आन् पगार?"

"१.१५ डॉलरचा १.८५ केला."

मुकादम शाळेत चौथीपर्यंतच गेलेले, पण हिशेब तोंडावर. "म्हंजे काम चौपट, पगार दुप्पट बी न्हाई. त्या गड्याला आपला माथाडी कायदा ठावं नव्हता जणू."

नसणारच. टेलरचं पुस्तक १९११ चं, आपला कायदा १९६९ चा.

तिचं मोजमाप चालू होतं तोवर पोती मात्र पळत होती. ती रिक्षात बसली आणि गडी चहाला बसले. यालाही पुस्तकात नाव आहे, हॉथॉर्न परिणाम. शिकागोजवळच्या कारखान्यात दिवे कमीजास्त करून बघितलं, तर उजेड कमी केला तरी काम वाढलेलं! आपल्यावर कुणाचं तरी लक्ष आहे म्हणून, असं पुढं सांगितलं गेलं. भारनियमनाच्या काळात आमच्याकडं नुसताच उजेड कमी केला होता. लक्ष द्यायचं राहून गेलं.

परीक्षेच्या आदल्या रात्री चौदाच्या चौदा भरली. मी ताटावर बसून बोटं दोनदा मोजली. हिनं त्या आनंदात शिराही केला.

दुसऱ्या दिवशी पोरगी पेपर देऊन थेट दुकानात आली.

"काय काय आलं?"

"टेलर आला, हॉथॉर्न आला. टेलरमध्ये मुकादममामांचा हिशेब पण लिहिला."

"आणि फेयॉल?"

"आलाच नाही."

आता चौदा तत्त्वं माझ्याकडं पडून आहेत. हळद असती तर हरिपूरच्या पेवात घातली असती आणि भाव आल्यावर काढली असती.