साडूंचं चॉकलेट

आमचे साडू स्वित्झर्लंडला असतात. नात्यातली लग्नं मात्र निघतात नागपुरात, आणि तीही ऐन मे महिन्यात. त्यामुळे उन्हाळ्यात साडू येतात आणि सोबत बॅगभर चॉकलेट येतं. तिकडे भरताना त्याच्या वड्या असतात. आमच्याकडे बॅग उघडेस्तोवर चांदीच्या कागदात नुसता रस्सा.

यात चॉकलेटचा दोष नाही. त्यातलं कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं आणि माणसाचं तोंड ३७ अंशांचं. हातात घट्ट, जिभेवर टेकवलं की पाणी! एवढ्या दोन-तीन अंशांवर तो सगळा धंदा उभा आहे. मेमध्ये आमचा पारा ४५ ओलांडतो. इथे जिभेचं काम हवाच उरकून टाकते.

मग तो रस्सा फ्रिजमध्ये जातो आणि दुसऱ्या दिवशी वर पांढरट राप धरून बाहेर येतो.

"बुरशी लागली," बायकोनं निकाल दिला.

साडूंना तेवढं निमित्त पुरतं. कोको बटर म्हणे सहा तऱ्हांनी गोठतं. कारखान्यात ते तापवून, निववून, पुन्हा किंचित कोमट करून बरोब्बर पाचव्या तऱ्हेला आणतात, म्हणून वडीला चकाकी येते आणि ती कट्‌कन मोडते. एकदा वितळून आपल्या मनानं गोठलं, की तूप वर येतं. ते हे पांढरं. खायला काहीही हरकत नाही.

त्यानंतर इतिहास सुरू झाला. ॲझ्टेक लोक कोको प्यायचे. साखर नाही, वरून मिरची, आणि फेस यावा म्हणून या भांड्यातून त्या भांड्यात उंचावरून ओतायचं.

"काढाच की हो तो," आई म्हणाली.

१८२८ साली नेदरलंड्समध्ये व्हान हाउटेननं कोकोतलं तूप दाबून काढायचं यंत्र आणलं. १८४७ मध्ये ब्रिस्टलच्या फ्राय मंडळींनी तेच तूप कोकोत वरून घालून खायची वडी पाडली. (आधी काढा, मग घाला. प्रगती म्हणतात ती हीच.) १८७५ मध्ये डॅनियल पीटरनं त्यात दूध आणलं. आणि १८७९ मध्ये बर्नच्या रुडॉल्फ लिंटचं घोटायचं यंत्र म्हणे शनिवार-रविवार चालूच राहिलं, सोमवारी बघतात तर चॉकलेट लोण्यासारखं मऊ.

"दोन दिवस लाईट गेली नाही वाटतं तिकडे," आई म्हणाली. आमची तेव्हा गेलेलीच होती, आणि फ्रिजमधल्या वड्यांचा पुन्हा रस्सा होत होता.

मला खरं पटलं ते अमेरिकन सैन्याचं. १९३७ साली कॅप्टन लोगननं हर्शी कंपनीकडे उन्हात न वितळणारी वडी मागितली. चव कशी हवी? उकडलेल्या बटाट्यापेक्षा जराशी बरी, म्हणजे शिपाई वेळेआधी फस्त करणार नाहीत. कंपनीनं तशी करून दिली, आणि शिपायांनी तिला मनसोक्त शिव्या घातल्या. साडूंनी पुढच्या खेपेला तसलंच काहीतरी आणावं, असं मी सुचवून पाहिलं.

बटाट्याचं नाव निघताच आईनं कान टवकारले. त्या दिवशी संकष्टी होती.

"हे उपासाला चालतं का रे?"

"आई, चालेल कसं?" बायको म्हणाली. "भाऊजी आत्ताच म्हणाले ना, त्या बिया गरासकट पाच-सहा दिवस आंबवतात, मग वाळवून भाजतात."

"दही आंबवलेलंच असतं. भाजायचं म्हणशील, तर दाण्याचा कूट काय कच्च्या दाण्यांचा करतेस?"

साडूंनी तेल ओतलं. बटाटा, शेंगदाणे, मिरची, ज्याचा साबुदाणा होतो तो कंद, सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. कोकोही तिकडचाच.

"मग झालं तर," असं म्हणून आईनं वाटी-चमचा मागवला. वाटी अर्धी झाल्यावर पिशवीत डोकावून बायकोला म्हणाली, "ते वेफरवालं तेवढं उद्याला ठेव. त्यात मैदा असतो."