कानस कुणाच्या हातात होती?

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी एक मेसेज फिरायला लागतो. यंदा आमच्या पेठेतल्या ग्रुपवर तो तीनदा आला. तिसऱ्यांदा ज्या काकांनी टाकला त्यांना मी लहानपणापासून ओळखते, त्यांच्याबद्दल मला आदर आहे, म्हणूनच गप्प न बसता उत्तर लिहिते आहे. मेसेज थोडक्यात असा: मुली निकालात पुढे असतात त्या पाठांतरावर, गणित आणि यंत्र हे मुलांच्या डोक्याचं काम, मुलींना त्याची ओढच नसते, त्यांना आणि राखीव वर्गातल्या पोरांना जागा दिल्यानं हुशार मुलांवर अन्याय होतो, दर्जा घसरतो, आणि शेवटी लग्न झालं की डिग्री कपाटात, म्हणजे सीट वाया.

मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, क्वालिटीचं काम बघते. त्यामुळे यातलं प्रत्येक वाक्य मी आयुष्यात कधी ना कधी तोंडावर ऐकलेलं आहे.

पाठांतराचा मुद्दा लवकर संपतो. पेपर दोघांना एकच असतो. घोकून मार्क मिळत असतील तर ते मुलांनाही मिळतात, आणि मग दोष पेपर काढणाऱ्यांचा आहे. शिवाय मुली बारावीनंतर विज्ञान सोडून पळतात असंही नाही. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण पाहणीत 2020-21 साली पदवीपासून पीएचडीपर्यंत विज्ञान शाखेत 29.5 लाख मुली होत्या आणि 27.7 लाख मुलगे. घोकंपट्टीवर एमएस्सीचं प्रॅक्टिकल होत नाही.

आता डोक्याचं आणि ओढीचं. मेसेजचा खरा जीव इथे आहे, आणि मलाही इथेच थांबायचं आहे.

आपल्याकडच्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजात जाऊन बघा. कॉम्प्युटरच्या वर्गात मुली भरपूर, मेकॅनिकलच्या वर्गात मोजक्या. कारण विचारलं तर लोक सांगतात, 'कॉम्प्युटर मुलींना जमतं, बसून करायचं काम.' आता अमेरिकेत चला. तिथे कॉम्प्युटर सायन्सची पदवी घेणाऱ्यांत 1984 च्या सुमाराला मुली 37 टक्के होत्या. पुढच्या पंचवीसेक वर्षांत तो आकडा घसरत 18 टक्क्यांवर आला, त्याचं एक कारण असं सांगतात की मधल्या काळात घरचा कॉम्प्युटर हे मुलग्यांचं खेळणं म्हणून विकलं गेलं आणि मुलगे वर्गात आधीच सराव करून येऊ लागले. म्हणजे तोच कॉम्प्युटर तिकडे पुरुषी ठरला आणि इकडे मुलींच्या सोयीचा. मेंदू देश बघून बदलत नाही, पंचवीस वर्षांतही बदलत नाही. बदलते ती घरातली आणि वर्गातली वागणूक. जॅनेट हाइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 साली अमेरिकेतल्या सुमारे 70 लाख शाळकरी मुलामुलींचे गणिताचे गुण तपासले होते. सरासरीत फरक सापडला नाही.

मग ओढ कुठे जाते? मला माझंच आठवतं. पहिल्या वर्षी फिटिंग शॉपला चौघांचा एक ग्रुप असायचा. आमच्या ग्रुपमध्ये मी एकटी मुलगी. सर आले, म्हणाले, 'तुझं अक्षर चांगलं आहे, तू जर्नल लिही.' कुणाच्या मनात वाईट नव्हतं, हे मी आजही म्हणेन. पण वर्षभर पोरांनी व्हाइसच्या पकडीत लोखंडाचा तुकडा लावला, कानस, म्हणजे लोखंड घासायची फाइल, मारली, हॅकसॉ चालवला, आणि मी शेजारी उभी राहून रीडिंग लिहिलं. माझं जर्नल वर्गात सगळ्यात सुबक होतं. पहिल्या नोकरीत बारीक मापं घ्यायचा मायक्रोमीटर हातात आला तेव्हा तो किती आवळायचा तेच मला कळेना. मुलग्यांनी ते कॉलेजच्याही आधी, उद्यमनगरात काकाच्या नाहीतर मामाच्या वर्कशॉपमध्ये सुट्टीत बसून शिकून घेतलं होतं. माझ्या मामाचंही वर्कशॉप होतं. सुट्टीत माझा भाऊ तिथे जायचा. मी गेले तर डबा पोचवायला.

मला शेवटी शिकवलं ते फाउंड्रीतल्या वाळूचे साचे करणाऱ्या एका जुन्या मोल्डरनं. वाळू मुठीत दाबायची, मग मूठ उघडून गोळा मोडायचा, कडा कशी तुटते त्यावरून ओल ओळखायची. 'हाताला कळाय लागलं की डोस्क्याला आपोआप कळतंय,' ते म्हणायचे. लॅबमध्ये ओलावा मोजायचं यंत्र आहेच, पण मी अजून आधी मूठ दाबून बघते. ओढ लागली ती तेव्हा. हात लागल्यावर.

आणि ताकदीचं म्हणाल तर वितळलेल्या लोखंडाचं भांडं, म्हणजे लॅडल, क्रेन उचलते. एसजी आयर्न या चिवट बिडाच्या वितळलेल्या रसात मॅग्नेशियम टाकलं की त्याचा असर काही मिनिटांत उतरायला लागतो. तेवढ्यात साचे भरून झाले पाहिजेत, आणि उशीर झाला तर उरलेला रस परत पाठवायचा निर्णय कुणीतरी घ्यायला लागतो. त्या क्षणी दंडाचं काही काम नसतं. आमच्या शिफ्टला तो निर्णय मी घेते.

जागांचं आणि दर्जाचं उत्तर द्यायच्या आधी वस्तुस्थिती नीट मांडू, कारण मेसेजमध्ये दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ आहे. आयआयटीत 2018 पासून मुलींसाठी ज्या जागा आल्या त्या जादाच्या आहेत. आधी मुलग्यांना मिळत होत्या तेवढ्या जागांना हात न लावता वर वाढवलेल्या. त्यावर बसणारी मुलगीही जेईई अ‍ॅडव्हान्स्ड पास झालेलीच असते. तिथे कुणाची सीट गेलेली नाही. आपल्या राज्यात इंजिनिअरिंगला मुलींसाठी 30 टक्के जागा आहेत, त्या मात्र एकूण जागांतल्याच. हे मी लपवत नाही. 2024-25 पासून 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण शिक्षण आणि परीक्षा फी माफ झाली, तीही सवलतच. पण या सवलती कशाची भरपाई आहेत ते बघा. दोन पोरं आणि एकाच्याच फीचे पैसे, अशा घरात पैसे कुणावर खर्च होतात हे मी वेगळं सांगायला नको.

'दर्जा' या शब्दाचा इतिहासही आठवावा. कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, मुंबई विद्यापीठातून उत्तम गुणांनी पदवी घेऊन 1933 साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत गेल्या. तिथे संचालक होते सी. व्ही. रामन. त्यांनी आधी नकारच दिला, बाई म्हणून. या हटल्या नाहीत, तेव्हा अटी घालून वर्षभर पारखायला घेतलं. 1939 मध्ये त्या केंब्रिजची पीएचडी घेऊन परतल्या, विज्ञानात ती मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री. गुण पत्रिकेवर होते, तरी नोबेल मिळवलेल्या माणसाला ते दिसले नाहीत. तसंच मेघनाद साहांचं. ताऱ्यांच्या प्रकाशावरून त्यांचं तापमान वाचायचं समीकरण ज्यानं 1920 साली दिलं, त्या माणसाला कलकत्त्याच्या वसतिगृहात जातीमुळे पंगतीबाहेर बसून जेवावं लागलं होतं. अशी किती डोकी पंगतीबाहेरच राहिली असतील, त्यांची यादी कुठेच नाही.

आणि हे कोल्हापुरात बसून मला सांगावं लागतं याचं दुःख जास्त आहे. इथे 26 जुलै 1902 ला शाहू महाराजांनी मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत 50 टक्के जागा राखल्या. जातीजातींसाठी वसतिगृहं उभी केली, कारण गावाकडून आलेलं पोर राहणार कुठे हा प्रश्न त्यांना आधी दिसला. त्याच्याही आधी, 1886 साली, आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या तेव्हा त्यांना बोलावून नेमणूक देणारं संस्थान आपलंच होतं. अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलचा स्त्रियांचा वॉर्ड त्यांच्या हवाली व्हायचा होता. क्षयानं त्या 1887 च्या फेब्रुवारीत गेल्या, रुजू होणं राहिलंच. ते हॉस्पिटल म्हणजे आजचं सीपीआर. आपण रोज त्याच्यासमोरून जातो.

राहिलं लग्न. मेसेजमधली हीच गोष्ट अर्धी खरी आहे, म्हणून ती जास्त टोचते. वर 29.5 लाखांचा आकडा दिला. आता दुसरा देते. 2018 मध्ये देशात संशोधनाच्या कामावर असलेल्यांत बायका फक्त 16.6 टक्के होत्या. एवढ्या शिकल्या आणि एवढ्याच उरल्या. गळती आहे. पण ती डोक्यातून झालेली नाही. 1948 च्या कारखाना कायद्यानं बाईला संध्याकाळी 7 ते सकाळी 6 कारखान्यात कामाला मनाई केली होती. ही अट पुढे सैल झाली, पण माझ्या पिढीतल्या कितीजणींना मुलाखतीत एकच वाक्य ऐकायला मिळालं: 'तुम्ही रात्रपाळी करू शकत नाही, मग सुपरवायझर कसं करणार?' बाळंतपणाची भरपगारी रजा 2017 मध्ये 26 आठवडे झाली, पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. माझ्या माहितीतल्या तिघींनी नोकरी सोडली ती त्याच्या आधी, आणि तिघींनीही सोडली ती मूल सांभाळायला कुणी नाही म्हणून. त्यातली एक माझ्यापेक्षा चांगली मेटलर्जिस्ट, म्हणजे धातुतज्ज्ञ, होती.

सीट वाया जाण्याचा हिशोब मांडायचाच तर पूर्ण मांडा. मेकॅनिकल, सिव्हिल होऊन स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत चार-चार वर्षं बसलेले मुलगे आपल्या शहरात थोडे नाहीत. इंजिनिअर होऊन बँकेत गेलेले आहेत, हॉटेल टाकलेले आहेत. त्यांच्या सीटबद्दल कुणी मेसेज लिहीत नाही, आणि लिहूही नये. तो त्यांचा निर्णय. हेच माप मुलींना लावा एवढंच म्हणणं आहे.

रविवारी सकाळी मी दहा-बारा शाळकरी पोरांना घेऊन बसते. करवीर आणि पन्हाळ्याच्या वाड्यांवरची पोरंही येतात, एसटीच्या वेळेप्रमाणे. जुना मिक्सर, पंख्याची मोटर, सायकलचा डायनॅमो असलं काहीतरी उघडायचं आणि परत जोडायचं. एकच नियम केला आहे: वही मुलग्यांकडे, पाना मुलींकडे. तासाभरानं अदलाबदल.

काका, तुमची नात यंदा बारावी शास्त्र झाली आहे, प्रवेशाचा अर्ज भरायची आहे. कुठली शाखा घ्यायची ते तिचं तिनं ठरवू दे. त्याच्या आधी एकदा तिला घेऊन शिरोलीला या. आमचं ओतकाम संध्याकाळी सुरू होतं, उशीर झाला तरी चालेल, मी गेटवर थांबते. पायात बूट असू देत, चप्पल आत चालत नाही.