जुलैतला गारवा सूर्य लांब गेल्यामुळे नसतो

जुलै जवळ आला की व्हॉट्सॲपवर एक जुनाच मेसेज नव्याने फिरू लागतो. मथितार्थ असा: उद्या पहाटे ५.२७ पासून ‘अल्फेलियन’ सुरू होतंय, पृथ्वी सूर्यापासून खूप लांब जाणार. एरवीचं ९ कोटी किमी अंतर १५.२ कोटी होईल, म्हणजे ६६ टक्के जास्त. २२ ऑगस्टपर्यंत कधी नव्हे अशी थंडी पडेल, ताप-खोकला होईल, तेव्हा व्हिटॅमिन घ्या. यातला १५.२ कोटी हा आकडा तेवढा खरा. त्याच्या जिवावर बाकीचं खपून जातं.

‘एरवी अंतर ९ कोटी किमी.’ शुक्र सूर्यापासून सरासरी १०.८ कोटी किमीवर फिरतो. पृथ्वी एरवी ९ कोटींवर असती तर ती शुक्राच्याही आत असती आणि आपल्याला आताच्या पावणेतीनपट ऊन मिळालं असतं! खरं सरासरी अंतर १४.९६ कोटी किमी आहे. जानेवारीच्या सुरुवातीला, उपसूर्य बिंदूपाशी (कक्षेतली सूर्याच्या सगळ्यात जवळची जागा) ते १४.७१ कोटी होतं आणि जुलैच्या सुरुवातीला, अपसूर्य बिंदूपाशी (सगळ्यात लांबची जागा, इंग्रजीत ‘अफेलियन’; मेसेजमधलं ‘अल्फेलियन’ ते हेच) १५.२१ कोटी. फरक ५० लाख किमी, जेमतेम साडेतीन टक्के. (९ वरून १५.२ ही वाढ ६९ टक्के भरते, ६६ नाही. फॉरवर्ड करणाऱ्यांनी तेवढा भागाकारही केलेला नाही.)

पटत नसेल तर मोजा. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडा, सूर्याकडे पाठ करा आणि भोकातून येणारं ऊन २ मीटरवरच्या कागदावर घ्या. जो गोल पडेल ते सूर्याचं बिंब. कडा किंचित पुसट येतील, पण गोल पट्टीवर जानेवारीत साधारण १९ मिमी भरेल, जुलैत ढग फाटलेच तर १८ च्या जरा वर. सूर्य ९ कोटी किमीवर असता तर हाच गोल ३१ मिमीचा आला असता.

‘लांब गेलो म्हणून थंडी.’ जुलैत पृथ्वीला जानेवारीपेक्षा सुमारे ७ टक्के कमी ऊन मिळतं, हे खरं. तरीही सबंध पृथ्वीचं सरासरी तापमान जुलैतच जास्त असतं, कारण तेव्हा उत्तर गोलार्ध सूर्याकडे कललेला असतो, जमीन तिथे जास्त आहे आणि जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते. ऋतू ठरवतो तो पृथ्वीच्या आसाचा २३.४ अंशांचा कल. सूर्य सगळ्यात जवळ असतो त्या जानेवारीत पुणेकर स्वेटर घालतात, याचा तरी विचार व्हावा. जुलैत आपल्याकडे गारवा असतो तो पावसाचा आणि ढगांचा. गंमत म्हणजे मेसेजमधल्या ‘थंडी’च्या काळातच, जुलैच्या अखेरीस, मुंबई-पुण्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. तो शून्य सावलीचा दिवस ढगांमुळे बहुतेकांना दिसतच नाही.

अंतराने खरोखर फरक पडतो तो मंगळावर. त्याची कक्षा इतकी लंबगोल आहे की उपसूर्य बिंदूपाशी त्याला अपसूर्यापेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त ऊन मिळतं. पृथ्वीची कक्षा मात्र जवळजवळ वर्तुळच. १० सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढलंत तर सूर्य मध्यापासून दोन मिलिमीटरही सरकवावा लागत नाही. पुस्तकांत ती चपटी दिसते, कारण चित्र तिरक्या कोनातून काढलेलं असतं. निम्मा गोंधळ तिथेच होत असावा.

‘२२ ऑगस्टपर्यंत.’ अपसूर्य हा एक क्षण आहे, मुक्काम नाही. २०२६ मध्ये तो ६ जुलैला आहे, त्यानंतर अंतर कमीच होत जातं. त्या सुमारास पृथ्वीचा वेग थोडा मंदावतो, सेकंदाला ३०.३ वरून २९.३ किमी. परिणाम कॅलेंडरवर मोजता येतो: मार्चच्या विषुवदिनापासून सप्टेंबरच्या विषुवदिनापर्यंत सुमारे १८६ दिवस, तिथून पुन्हा मार्चपर्यंत १७९.

‘ताप, खोकला.’ पावसाळ्यात साथी येतात त्या विषाणू, डास आणि दूषित पाण्यामुळे. ताप उतरत नसेल तर डॉक्टरांकडे जा, तो अपसूर्य सरायची वाट बघत बसू नका.