चलनाला ‘घसरलं’ म्हणायचं कोणी ठरवलं?

बातमीतले शब्द बघा. चलन ‘घसरतं’, ‘गडगडतं’, ‘नीचांक गाठतं’, फारच झालं तर ‘लोळण घेतं’. उलटं झालं की ‘सावरतं’, ‘वधारतं’, ‘बळकट होतं’. वास्तविक विनिमय दर म्हणजे एका पैशाचा दुसऱ्या पैशातला भाव. दुसरा कुठलाही भाव उतरला की आपण घेणाऱ्याचं काय आणि विकणाऱ्याचं काय, असा दोन्ही बाजूंनी विचार करतो. चलनाची गोष्ट आली की मात्र थेट देशाची अब्रूच निघते. मीही बरीच वर्षं याच पंथातला होतो. चलन मजबूत तर देश मजबूत, संपला विषय.

आता तसं वाटत नाही. चलन किती पडलं हा माझ्या मते दुय्यम प्रश्न आहे. ते पडू नये म्हणून सरकारने काय काय पणाला लावलं, आणि पडलं तेव्हा देशातल्या लोकांची कर्जं कोणाच्या चलनात होती, हे आधी विचारायला हवं. जरा लांबण लागेल, पण एका बुधवारपासून सुरुवात करतो.

१६ सप्टेंबर १९९२. ब्रिटन तेव्हा युरोपच्या विनिमय दर यंत्रणेत, म्हणजे आपापली चलनं एकमेकांना ठरलेल्या पट्ट्यात बांधून ठेवण्याच्या व्यवस्थेत, होता. १९९० च्या ऑक्टोबरमध्ये पौंड तिथे २.९५ जर्मन मार्कांना बांधला होता आणि सुमारे २.७८ च्या खाली जाऊ द्यायचा नाही असा करार होता. त्याच काळात पूर्व आणि पश्चिम जर्मनी एक झाल्या. एकीकरणाचा खर्च प्रचंड, त्यामुळे जर्मनीत महागाईची धास्ती, म्हणून तिथल्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर चढे ठेवलेले. जर्मनीपुरतं ते बरोबरच होतं. पण ब्रिटनमध्ये मंदी होती. तिथे व्याज उतरायला हवं होतं, आणि पौंड मार्काला बांधलेला असल्यामुळे ते उतरवता येत नव्हतं. दुसऱ्याच्या तापाचं औषध आपण घेत बसायचं, असा तो प्रकार.

त्या दिवशी पौंड त्या मर्यादेखाली घसरू नये, जास्त व्याजाच्या ओढीने लोकांनी तो धरून ठेवावा, म्हणून सकाळी अकरा वाजता व्याजदर १० वरून १२ टक्के केला. पौंड हलला नाही. दुपारी जाहीर केलं की उद्यापासून १५ टक्के. तरीही हलला नाही. का हलेल? ब्रिटनमधली बहुतेक गृहकर्जं बदलत्या व्याजाची होती. १५ टक्के म्हणजे लाखो घरांचे हप्ते लगोलग वाढणार. मंदीत असं करून सरकार किती दिवस टिकेल, हे पौंड पडणार अशी पैज लावलेल्या सट्टेवाल्यांना कळत होतं आणि सरकारलाही कळत होतं. व्याज वाढवण्याची धमकी जितकी मोठी, तितकी ती पोकळ वाटत गेली. बँक ऑफ इंग्लंड, म्हणजे तिथली मध्यवर्ती बँक, दिवसभर पौंड विकत घेत राहिली आणि संध्याकाळी अर्थमंत्री नॉर्मन लॅमाँट यांनी यंत्रणेतून बाहेर पडत असल्याचं सांगितलं. ब्रिटिश अर्थखात्याने नंतर या सगळ्याचा खर्च काढला तो ३.३ अब्ज पौंड.

इतिहासात याला ‘काळा बुधवार’ म्हणतात. पण पुढे काय झालं ते बघा. १५ टक्क्यांचा दर कधी लागूच झाला नाही. १९९३ च्या जानेवारीपर्यंत व्याज ६ टक्क्यांवर आलं. स्वस्त पौंडाने निर्यातीला हात दिला. दर बांधून ठेवण्याऐवजी महागाईचंच लक्ष्य ठरवायचं, हे धोरण ऑक्टोबर १९९२ मध्ये आलं, आणि सगळे घाबरले होते तशी महागाई भडकली नाही. काळा होता तो बुधवारच्या आधीचा काळ, असं माझं मत.

याच्या मागचं सूत्र रॉबर्ट मंडेल आणि मार्कस फ्लेमिंग या अर्थशास्त्रज्ञांनी साठच्या दशकात मांडलं. स्थिर विनिमय दर, भांडवलाला मोकळं दार आणि स्वतःचं व्याजधोरण, या तिन्हींपैकी दोनच मिळतात. एका दगडात दोन पक्षी मारता येतात असं आपण म्हणतोच. इथे तिसरा पक्षी हमखास उडतो. गंमत म्हणजे बहुतेक सरकारं हे मान्य न करता तिसऱ्यामागे धावतात आणि मग पहिले दोनही हातचे जातात.

ज्यांनी प्रामाणिकपणे निवड केली त्यांच्याशी माझं भांडण नाही. हाँगकाँगने १९८३ पासून आपला डॉलर अमेरिकन डॉलरला ७.८० च्या भावाने बांधला आहे. तिथले व्याजदर वॉशिंग्टनमध्ये ठरतात आणि हे कोणी लपवत नाही. पण त्याची किंमतही मोजलीच. १९९७-९८ च्या आशियाई संकटात आजूबाजूची चलनं पडली, हाँगकाँगचं पडू शकत नव्हतं, मग पडल्या त्या किमती, पगार आणि घरांचे भाव. १९९८ च्या अखेरीपासून २००४ पर्यंत तिथे भाववाढीच्या जागी भावघट होती. बाहेरचा धक्का बसला की काहीतरी हलणारच. चलन हललं नाही तर रोजगार हलतो, पगार हलतो. ग्रीसने युरो घेतल्यामुळे त्याच्याकडे स्वतःचं चलनच उरलं नव्हतं, तिथे २०१३ मध्ये बेकारी २७ टक्क्यांवर गेली. ‘चलन मजबूत ठेवा’ म्हणणाऱ्यांनी वाक्य पूर्ण करावं: मजबूत ठेवा, आणि त्याऐवजी काय पडू द्या?

माझं मत बदललं ते मात्र ब्रिटनमुळे नाही. ते बदललं दोन शेजाऱ्यांमुळे. ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही.

१९९७-९८. आशिया पेटलेला. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड दोघांची बरीच निर्यात आशियाला, दोघांचीही चलनं तरती (म्हणजे भाव कुठे बांधलेला नाही, बाजार ठरवेल तो), दोघांच्याही चालू खात्यावर तूट, म्हणजे परदेशातून येणाऱ्या कमाईपेक्षा तिकडे जाणारं देणं जास्त, आणि दोघांचीही चलनं पडायला लागली. आजाराची लक्षणं एकच, डॉक्टर वेगळे. ऑस्ट्रेलियाचा डॉलर पाऊण अमेरिकन डॉलरच्या आसपास होता, तो १९९८ मध्ये साठ सेंटच्या खाली आला. तिथल्या मध्यवर्ती बँकेने तो मुख्यतः पडू दिला. मधूनमधून बाजारात हस्तक्षेप केला, पण व्याजदर जुलै १९९७ मध्ये ५ टक्के होता तो डिसेंबर १९९८ पर्यंत तिथेच ठेवला आणि मग कमी केला. आशियातली गिऱ्हाइकं गेली, तर स्वस्त झालेल्या डॉलरच्या जोरावर माल दुसरीकडे वळला. अर्थव्यवस्था वाढतच राहिली.

न्यूझीलंडने काय केलं? त्यांच्याकडे एक निर्देशांक होता, व्याजदर आणि विनिमय दर एकत्र करून काढलेला. हिशेब असा, की चलन दोन टक्के पडलं म्हणजे व्याज एक टक्क्याने उतरल्यासारखंच आहे, पतधोरण सैल झालं. मग ते आवळण्यासाठी व्याज वर जायला हवं. कागदावर अगदी सुबक. पण चलन का पडतंय, हे त्या आकड्याला कळत नाही. ते पडत होतं कारण गिऱ्हाइकच बुडालं होतं. अशा वेळी पडलेलं चलन म्हणजे उशी. न्यूझीलंडने ती उशी काढून वर व्याजाचा दगड ठेवला. अल्पमुदतीचे दर ९ टक्क्यांच्या आसपास गेले आणि १९९८ मध्ये देश मंदीत शिरला. दुष्काळही पडला होता हे खरं, सगळा दोष निर्देशांकाच्या माथी मारणार नाही. पण १९९९ मध्ये बँकेने ती पद्धतच सोडून दिली, यातच काय ते आलं.

आता पलटवार येणार, ‘मग तुर्कस्तानचं काय?’ रास्त प्रश्न आहे. २०२१ मध्ये सप्टेंबर ते डिसेंबर तिथल्या मध्यवर्ती बँकेने व्याज १९ वरून १४ टक्क्यांवर आणलं, तेही महागाई १९ टक्क्यांच्या पुढे असताना. तिथलं चलन, लिरा, कोसळला (हो, इथे मीही ‘कोसळला’च म्हणतो) आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये महागाई ८५ टक्क्यांवर पोचली. पण ऑस्ट्रेलियात धक्का बाहेरून आला होता आणि लोकांचा महागाईच्या लक्ष्यावर विश्वास होता. तुर्कस्तानात धक्का मध्यवर्ती बँकेनेच दिला आणि विश्वास आधीच उडालेला. गाडीचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर चांगले आहेत म्हणून ती दरीत घालायची नसते.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. चलन पडलं की निर्यात वाढते, हे पुस्तकातलं वाक्य प्रत्यक्षात बरंच लंगडतं. आधी आयातीचं बिल फुगतं, निर्यातीच्या ऑर्डरी नंतर येतात. शिवाय जगातला बराचसा व्यापार डॉलरमध्ये बिलं फाडून होतो. अर्थशास्त्रज्ञ गीता गोपीनाथ यांनी सहकाऱ्यांबरोबर हे सविस्तर दाखवलं आहे. किंमत डॉलरमध्ये ठरलेली असेल, तर विकणाऱ्याचं चलन पडल्याने परदेशी गिऱ्हाइकाला काही लगेच स्वस्त पडत नाही. आयात मात्र लगेच महाग होते. म्हणजे चलन पडल्यावर समतोल येतो, पण तो मुख्यतः आयात कमी करून. यात सामान्य माणसाला चटका बसतो, हे नाकारण्यात अर्थ नाही.

आणि अर्थशास्त्रज्ञ हेलेन रे यांचा २०१३ मधला युक्तिवाद तर मुळावरच घाव घालतो. अमेरिकेत व्याज हललं की भांडवलाचे लोंढे सगळीकडेच हलतात, चलन तरतं ठेवलं तरी पूर्ण स्वातंत्र्य मिळत नाही. मला हे अर्धं पटतं. पूर्ण नसेल, पण ब्रिटनला त्या बुधवारनंतर जेवढं मिळालं तेवढं तरी मिळतंच की.

आता कर्जाकडे येतो. चलन पडून देश मोडतात ते इथे.

थायलंडचा बाट वर्षानुवर्षं डॉलरला २५ च्या आसपास होता. डॉलरचं व्याज कमी, भाव जवळजवळ ठरलेला, मग कंपन्यांनी डॉलरमध्ये कर्जं काढली. धोका पत्करलाय असं कोणालाच वाटत नव्हतं. हाच स्थिर दराचा सगळ्यात वाईट गुण, तो जोखीम नाहीशी करत नाही, फक्त दिसेनाशी करतो. मध्यवर्ती बँकेने बाट वाचवायला फॉरवर्ड सौद्यांत, म्हणजे पुढच्या तारखेला ठरलेल्या भावाने द्यायच्या करारांत, डॉलर आधीच बांधून टाकले होते. परकीय चलनाची जाहीर गंगाजळी भरलेली दिसत होती, आतून बहुतेक दुसऱ्याची झालेली. २ जुलै १९९७ ला बाट सोडला, जानेवारी १९९८ मध्ये भाव ५० च्या पार. कमाई बाटमध्ये आणि देणं डॉलरमध्ये असलेल्याचं कर्ज एका रुपयाचंही नवं उधार न घेता दुप्पट झालं. अशा देशाला ‘चलन पडू द्या’ सांगणं सोपं नाही, मान्य. पण ते कर्ज साठलं कसं? ‘पडणारच नाही’ या आश्वासनावरच ना?

म्हणून माझ्या मते सरकारची खरी कामगिरी चांगल्या दिवसांत असते. ज्याची कमाई देशी चलनात आहे त्याला परकीय चलनात कर्ज काढू द्यायचं नाही, काढलंच तर हेजिंगची, म्हणजे पुढचा भाव आधीच ठरवून जोखीम झाकण्याची, सक्ती करायची. गंगाजळी साठवायची, पण एखादा आकडा राखायला जाळायची नाही. बाजारात खरेदीदारच उरला नाही अशा दिवसांसाठी ठेवायची. आत येणाऱ्या उनाड भांडवलावर थोडी बंधनं घालायला लाजायचं कारण नाही. २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनेसुद्धा ती काही परिस्थितींत चालतील असं मान्य केलं.

हे जमतं का? हंगेरीत ते फार उशिरा जमलं, पण जमलं. २००८ च्या आधी तिथे माणसं घरासाठी स्विस फ्रँकमध्ये कर्ज घेत होती, कारण तिथल्या चलनापेक्षा, म्हणजे फोरिंटपेक्षा, व्याज कितीतरी कमी. पगार फोरिंटमध्ये, हप्ता फ्रँकच्या भावाने. २००८ च्या उन्हाळ्यात फ्रँक होता दीडशे फोरिंटच्या आसपास. एक लाख फ्रँकचं कर्ज म्हणजे दीड कोटी फोरिंट. नोव्हेंबर २०१४ मध्ये सरकारने कायद्याने ही गृहकर्जं फोरिंटमध्ये फिरवायचं ठरवलं तेव्हा भाव धरला सुमारे २५६. म्हणजे तेच मुद्दल आता अडीच कोटींच्या वर, मधल्या सहा वर्षांचे हप्ते भरून फेडलं असेल तेवढंच काय ते कमी. मध्यवर्ती बँकेने बँकांना लागणारे युरो आपल्या गंगाजळीतून दिले. गंगाजळीचा इतका सरळ उपयोग मी क्वचित पाहिला आहे.

आणि मग १५ जानेवारी २०१५. स्वित्झर्लंडचं दुखणं उलटं होतं. त्यांचा फ्रँक फारच ‘वधारत’ होता म्हणून २०११ पासून युरोला १.२० फ्रँकच्या खाली येऊ द्यायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं आणि त्यासाठी परकीय चलन विकत घेत राहिले होते. त्या सकाळी कसलीही पूर्वसूचना न देता ती मर्यादा काढून टाकली. काही मिनिटांत फ्रँक प्रचंड उसळला. त्या वर्षी स्विस मध्यवर्ती बँकेला सुमारे २३ अब्ज फ्रँकचा तोटा झाला, तोही चलन ‘बळकट’ झाल्यामुळे.

हंगेरीत फ्रँक ३०० फोरिंटच्या वर गेला, पण गृहकर्जांचा भाव दोन महिन्यांपूर्वीच बांधला गेला होता. पोलंडमध्ये तसं काही केलेलं नव्हतं. तिथे फ्रँकमध्ये कर्ज घेतलेल्या लाखो लोकांचे हप्ते त्या सकाळी वाढले, आणि बँकांविरुद्धचे खटले पुढे वर्षानुवर्षं चालू राहिले.