फायबर कुजत नाही, मग डेक का दबतो?

बेळगाव जिल्ह्यातल्या हिडकल धरणाच्या पाण्यावर हौसेने मासे धरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. निपाणी, हुक्केरी, खानापूर, सगळीकडून तोच पुढे ढकललेला येतो. ‘कोकणातली जुनी फायबर बोट स्वस्तात घ्या आणि एका रविवारात नवी करा.’ खाली पाच सल्ले आहेत. फायबर कुजत नाही, तेव्हा डेक (बोटीवरचा पाय ठेवायचा सपाट भाग) दबत असेल तर वरून काचेच्या तंतूंच्या मॅटचे दोन थर मारा. फिटिंग (डेकवर बोल्टने बसवलेल्या वस्तू) काढत बसू नका, कडेने सिलिकॉन ओढा. आपलं पाणी गोडं, त्यामुळे गंज आणि कूज हा समुद्रवाल्यांचा त्रास. प्लाय कुठलाही चालतो, रेझिनखाली, म्हणजे फायबर घट्ट करणाऱ्या द्रवाखाली, झाकला जातोच. आणि रेझिन सुकत नसेल तर हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) वाढवा.

बोट घ्या इथपर्यंत माझं काही म्हणणं नाही. वेंगुर्ला-मालवणकडून आंबोली घाटाने किंवा गोव्यातून चोर्ल्याने वर आणलेल्या जुन्या बोटीचं बूड पुष्कळदा धड असतं. जुन्या काळी हाताने जाड थर देऊन केलेलं काम ते. (परवान्याचा विषय वेगळा, तो इथे काढत नाही.) बाकीचे पाचही सल्ले मात्र एकेक करून बघायला हवेत, कारण ते ऐकून केलेलं काम पुन्हा उकरताना मूळ कामापेक्षा जास्त त्रास होतो.

पहिला सल्ला. फायबर कुजत नाही हे खरं. पण बहुतेक बोटींचा डेक नुसता फायबरचा नसतोच. वर फायबरचा पातळ पापुद्रा, खाली तसाच दुसरा, आणि मध्ये प्लाय, बाल्सा लाकूड नाहीतर फोम. दोन पापुद्रे एकमेकांपासून ठरावीक अंतरावर घट्ट धरलेले असतात म्हणून डेकला ताठपणा येतो. मधलं लाकूड कुजलं की पापुद्रे सुटतात आणि आपापले वाकायला लागतात. पाय ठेवल्यावर जे दबतं ते हे. त्यावर मॅटचे दोन थर म्हणजे ओल आलेल्या भिंतीला रंग. वजन वाढतं, आतलं पाणी आतच कोंडतं, आणि कूज शेजारच्या चांगल्या प्लायमध्ये सरकत राहते.

तपासायला मशीन लागत नाही. स्क्रूड्रायव्हरची मूठ घ्या आणि थोड्याथोड्या अंतराने डेक ठोकत जा. चांगल्या जागी आवाज कोरडा, टणक येतो. सुटलेल्या जागी बोदा. खडूने बोद्या जागांभोवती रेघ ओढत गेलात तर थोड्या वेळात डेकवर नकाशाच तयार होतो, आणि त्यातली जवळजवळ प्रत्येक रेघ एखाद्या क्लीटभोवती (दोर बांधायची खुंटी), हॅचच्या (डेकमधलं झाकण) कडेला किंवा रेलिंगच्या पायाशी येते. खात्री करायची तर डेकच्या खालच्या बाजूने एक बारीक भोक पाडा. ड्रिलला पांढुरका, कोरडा भुसा आला तर ठीक. काळपट, ओला लगदा चिकटून आला आणि कुबट वास सुटला की विचारायला नको.

मग तेवढा भाग उघडावा लागतो. ग्राइंडरने फक्त वरचा पापुद्रा कापायचा, खालच्याला धक्का लावायचा नाही. काढलेला तुकडा फेकू नका, तोच परत बसवायचा असतो. कुजका प्लाय छिन्नीने खरवडून काढायचा, कडेला चांगलं, कोरडं लाकूड लागेपर्यंत. बोट समुद्रातून आलेली असेल तर आत मीठ असतं आणि मीठ हवेतली ओल ओढतं, म्हणून आधी गोड्या पाण्याने धुवायचं आणि मग पूर्ण वाळू द्यायचं. नवा गाभा, म्हणजे मधलं लाकूड, घट्ट केलेल्या इपॉक्सीत (दोन भाग मिसळून पक्कं होणारं रेझिन) बसवून वर जुना पापुद्रा, त्यावर वाळूची पोती. जोडावर कडा उतरत्या घासायच्या. साधारण हिशेब बारास एक, म्हणजे पापुद्रा ३ मिमी असेल तर दोन्ही बाजूंना ३६ मिमी उतार, आणि त्या उतारात काच-कापडाचे थर. हा उतार टाळला की सांध्यावर पुढच्याच हंगामात केसासारखी चीर दिसते.

इथे एक गोष्ट मेसेजवाल्यांच्या बाजूने. डेकमध्ये गाभा नसेल, नुसताच जाड फायबर असेल आणि तो लवत असेल, तर थर वाढवून किंवा खालून आडवे टेकू देऊन भागतं. पण नवा थर जुन्यावर रासायनिक रीतीने फारसा जुळत नाही, धरून राहतो तो खरखरीत पृष्ठभागाला. म्हणून जेलकोट (वरचा गुळगुळीत रंगीत थर) घासून काढायचा आणि खालच्या फायबरची चमक जाईपर्यंत तो खरवडायचा. घासायच्या आधी अ‍ॅसिटोनने पुसून घ्या, नाहीतर वरचं मेण कागदाने आत चोळलं जातं. काचेची धूळ फुप्फुसात जाते, तेव्हा मास्क चांगला हवा. गळ्यातला टॉवेल तोंडाला बांधून भागत नाही.

दुसरा सल्ला या सगळ्याचं मूळ आहे. डेक आणि फिटिंग ही दोन वेगळी कामं नव्हेतच. पाणी डेकमध्ये शिरतं ते फिटिंगच्या भोकांतून. क्लीटला दोराचा हिसका बसतो, बोल्ट किंचित हलतो, खालचा जुना सीलंट कडक होऊन तडकलेला असतो, आणि पाणी बोल्टच्या आट्यांवरून थेट प्लायच्या उघड्या कडेला लागतं. बाहेरून कडेने सिलिकॉन ओढलं तर फटीचं एक टोक झाकलं जातं, दुसऱ्या हिसक्याला ते सुटतं. वर सिलिकॉनचा जो पातळ थर मागे राहतो त्यावर नंतर रंग धरत नाही, रेझिन धरत नाही, दुसरा सीलंटसुद्धा धरत नाही.

नीट करायचं तर फिटिंग काढायचीच. बोल्टपेक्षा बरंच मोठं भोक पाडा, पण खालचा पापुद्रा शाबूत ठेवून. आतला गाभा वाकवलेल्या खिळ्याने भोकाच्या चहूबाजूंनी थोडा उकरा, खाली टेप लावा आणि पोकळी घट्ट इपॉक्सीने भरा. ते पक्कं झाल्यावर त्याच्या मधोमध बोल्टच्या मापाचं भोक. आता बोल्ट जातो तो इपॉक्सीच्या नळीतून, लाकडाचा आणि पाण्याचा संबंधच उरत नाही. भोकाच्या वरच्या तोंडाला काउंटरसिंकने जराशी वाटी करा, म्हणजे सीलंटचं कडं तिथे बसतं. सीलंट पॉलियुरेथेन किंवा पॉलिसल्फाइड, नाहीतर ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी). पॉलियुरेथेन इतकं चिकटतं की पुढे फिटिंग काढताना घाम फुटतो. वरचेवर काढावं लागणारं असेल तर ब्युटाइल बरं. अ‍ॅक्रिलिकची खिडकी असेल तिथे पॉलिसल्फाइड नको, ते प्लास्टिक खातं. तेवढ्या एका जागी सिलिकॉन चालेल.

क्लीटच्या खाली नुसते वॉशर टाकून सोडू नका, पट्टी लावा. बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, कुठल्याही शॉपला अ‍ॅल्युमिनियमची किंवा स्टेनलेसची पट्टी कापून भोकं पाडून मिळते की. एवढं यंत्रकाम दाराशी असताना चार वॉशरवर दोराचा सगळा ताण सोडायचा, हे मला तरी कळत नाही. आणि बोल्ट आवळताना आधी बेताने, सीलंट थोडा धरल्यावर मग पुरता. तेसुद्धा बोल्टचं डोकं धरून खालचा नट फिरवायचा. पहिल्याच दणक्यात पिळलं की सगळा सीलंट बाहेर येतो.

तिसरा, गोड्या पाण्याचा. हा तर उलटाच आहे. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला मीठ मानवत नाही. जुने लोक लाकडी जहाजांत मुद्दाम मीठ भरत. डेक कुजवतं ते पावसाचं पाणी. आपल्याकडे बोट वर्षातले बहुतेक दिवस परड्यात ट्रॉलीवर पडून असते. जूनपासून सप्टेंबरपर्यंतचा पाऊस, डेकवर साचलेला पाला, त्याने बुजलेलं पाण्याचं भोक. धरणावर बोट भिजते त्यापेक्षा जास्त ती घरी भिजते.

गंज गोड्या पाण्यात कमी, हे मान्य. पण स्टेनलेसचं स्टेनलेसपण टिकतं ते ऑक्सिजनवर. ओल्या प्लायमध्ये अडकलेल्या बोल्टला हवा मिळत नाही, मग वरचं डोकं चकचकीत आणि मधला दांडा कुरतडलेला, असा बोल्ट निघतो. बाजारात स्टेनलेस म्हणून हलकं २०२ पण मिळतं आणि चांगलं ३०४ पण. चुंबकाने त्यातला फरक कळत नाही, दुकानदाराला ग्रेड विचारूनच घ्या. समुद्रातून आलेल्या आउटबोर्डवर (बोटीच्या मागे लावायचं इंजिन) बहुधा स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवणारा झिंकचा अ‍ॅनोड असतो. गोड्या पाण्यात त्यावर थर धरून तो निकामी होतो, तिथे मॅग्नेशियमचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा लागतो.

प्लायचं थोडक्यात. आयएस ७१० शिक्का असलेला मरीन प्लाय घ्या. आयएस ३०३ हा फर्निचरचा. रेझिनने झाकला जातो म्हणणाऱ्यांनी कापलेल्या कडा बघाव्यात. पाणी पितात त्या कडाच, म्हणून बसवण्याआधी त्यांना इपॉक्सी पाजून घ्यायचं.

आणि हार्डनर. हा सल्ला नुसता चुकीचा नाही, धोक्याचा आहे. पॉलिस्टर रेझिनला एमईकेपी हा हार्डनर साधारण १ ते २ टक्के लागतं. जास्त घातलं तर डबा तापतो, थर ठिसूळ होतो, तडकतो. इपॉक्सीत तर हार्डनर ठरलेल्या मापानेच जातो. वाढवलेला भाग जुळतच नाही आणि काम कायमचं चिकट राहतं. कोबाल्ट (रेझिन सुकायला वेग देणारं रसायन) वेगळा मिळाला असेल तर तो आणि एमईकेपी कधीही थेट एकत्र करू नका, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मगच एमईकेपी. थंडीत रेझिन सुकत नसेल तर ऊन चढेपर्यंत थांबायचं. पावसाळ्यात हे काम काढायचंच नाही.

राहिला तो एक रविवार. डेक जानेवारीत उघडला तर मार्चच्या उन्हात तो खरोखर वाळतो, एप्रिलमध्ये गाभा आणि थर होतात, फिटिंग सगळ्यात शेवटी, रंग झाल्यावर. मध्ये वळीव येणारच, म्हणून संध्याकाळी ताडपत्री बांधूनच घरात जायचं, आभाळ निरभ्र दिसलं तरी.